पॉइंटवरून

अकरा वर्षं मी पॉइंटला उभा होतो,
यादगिरी गाजूलच्या बॅटच्या आणि चौकाराच्या मधोमध,
जिथं उभं राहणाऱ्याला
कुणी विचारून उभं करत नाही.

उजव्या हाताचं हे मधलं बोट बघा.
ब्याऐंशीचा मे, पार्कचं मैदान,
ऊन त्रेचाळीसच्या वर,
आणि ऑफ स्टंपबाहेर आखूड पडलेला एक चेंडू.
बॅट मला दिसलीच नाही.
नुसता आवाज आला,
माग थांबताना शेवटचा धोटा
पेटीत जाऊन बसतो तसा: खट्.
मग बोट.

तो दांडगा नव्हता. उंचीनं तर नाहीच.
भद्रावती पेठेत चार माग सांभाळायचा,
कानात कापूस, केसांत कापूस,
रविवारच्या पांढऱ्या शर्टाला नीळ जरा जास्तच.
पण डावा पाय पुढं टाकून तो वाकला
की कव्हरमधली माणसं न सांगता
एक पाऊल मागं सरायची.
आम्ही ऑफला सातजण लावले.
सात माणसांत सहा फटी असतात,
आणि हा तर
फणीच्या दातांतून सूत ओवणारा माणूस.

लेगला मात्र काही नाही.
पायावर आलेला चेंडू तो असा थांबवायचा
जसं वसुलीवाल्याला दारातच पाणी द्यावं,
आत घेऊ नये.

हे ओळखलं आमच्या बसलिंग हत्तुरेनं.
फायनलला एकेक चेंडू पायांवर.
तर हा लेग स्टंपच्याही बाहेर सरकला,
तिन्ही स्टंप उघडे टाकून,
आणि तिथून कव्हरमध्ये मारू लागला.
एकसष्ट धावा. लेगला एकही नाही.
शेवटच्या षटकात एक फुलटॉस आला,
मांडीएवढा, गोड,
लेगला अख्खं मैदान रिकामं,
एक कुत्रं तेवढं झोपलेलं.
यादगिरीनं तो अलगद पायाशी ठेवला.

चार धावांनी आम्ही जिंकलो.
ढाल अजून बसलिंगच्या घरी आहे,
तिच्यावर सध्या हळदीकुंकवाच्या पुड्या असतात.

त्या दिवाळीत बहिणीच्या लग्नाच्या चादरी घ्यायला
मी त्याच्या गल्लीत गेलो.
आठ हात रुंदी.
भिंतीवर कोळशाचे तीन स्टंप, पुसट.
मी उगाच त्यांच्यापुढं उभा राहिलो, बॅटिंगला राहतात तसा.
लेगच्या अंगाला शेडच्या खिडक्या, बिनगजाच्या,
आत ताणलेले हजार-दोन हजार धागे,
खिडक्यांखाली बायका विड्या वळत बसलेल्या,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
ऑफला हापसा,
त्याच्या शेजारी कुणाची तरी लूना,
मध्ये दीड हात फट,
आणि फटीपलीकडं मिलची मोकळी जागा,
पार चिमणीपर्यंत.

म्हटलं, एवढंच होय?
खिडकीत गेला की आउट म्हणून?
तो गठ्ठा बांधत होता.
सुतळी दातांनी तोडून म्हणाला,
“तिकडं माणसं कामाला होती की.”
आणि मग,
“काय बघलालास बे, चहा घे.”

शेड आता नाही. खिडक्या नाहीत.
चिमणी कधी पाडली ते मला आठवत नाही,
तेव्हा मी बदलीवर लातूरला होतो.

गेल्या गड्ड्यात भेटला, होम मैदानावर,
मोठ्या पाळण्याखाली, नातीचं बोट धरून.
माझं बोट त्यानं हातात घेतलं,
तुटका धागा चाचपतात तसं चाचपलं,
दुखतं का, असं विचारलं नाही.
नातीच्या हातातली फुग्याची काठी घेतली,
आधी लेगकडं बघितलं:
तिथं एक बाई बांगड्या भरत होती.
मग डावा पाय पुढं.

एवढ्या गर्दीत
माझे दोन्ही हात
कुणी न सांगता छातीपुढं आले.